गंगावनाची साक्ष

बोट धक्क्याला लागली तरी हर्षदाचा अंबाडा काही जमेना. बाहेरून भावजय केतकीच्या हाका चालूच होत्या.

"ताई, अहो रांग पार जिन्यापर्यंत आलीय! उन्हाच्या आत गाव बघून यायचंय ना?"

"आले गं बाई, आले. बेट काही पळून जात नाही!"

अंबाडा जमायला मुळात केस लागतात, आणि हर्षदाचे केस आजारपणात गेले होते. रक्ताचा आजार, मग ती जालीम औषधं, मग नवं रक्त तयार होईपर्यंत काचेआड काढलेले महिने. जिवावरचं केसांवर निभावलं म्हणायचं. आता मानेपर्यंत वाढले होते, पण विरळ, हातात धरले तर शेपटीएवढे. त्यात ती आईचं गंगावन गुंफायची. हल्लीच्या मुलींना गंगावन म्हणजे काय ते सांगावं लागतं, म्हणून सांगतो. विंचरताना फणीत येणारे केस टाकायचे नाहीत, पिशवीत जमवायचे. पुरेसे झाले की एखाद्या जाणत्या बाईकडून एका टोकाला घट्ट बांधून त्यांचा लांब झुपका करून घ्यायचा. तो आपल्या केसांत मिसळला की वेणी भरते. हर्षदाच्या आईला ही जन्माची खोड होती. कमरेखाली केस, आणि एक केस वाया घालवेल तर शपथ. वारायच्या थोडं आधी तिने अभयकरवी नाशिकहून कुरियरने गंगावन पाठवलं होतं, आणि फोनवर म्हणाली होती, "तुझे गेले तर जाऊ देत. माझे आहेत ना."

बोटीवर आदल्या संध्याकाळी सूचना झाली होती, की उतरताना कृत्रिम केस काढून ठेवावेत. हर्षदाने ती नीट ऐकली. पण कृत्रिम म्हणजे ते दुकानातले प्लास्टिकचे, असं तिने धरलं. आईचे केस कृत्रिम कसे असतील? ते दुसऱ्याचे आहेत हे तर तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

बाहेर अभय उभा होता, हातात तिघांचे पासपोर्ट. हर्षदाचा धाकटा भाऊ. पन्नाशी उलटली तरी ताईसमोर शाळकरी पोरासारखा उभा राहायचा. या सफरीची कल्पना त्याचीच. आईचं वर्षश्राद्ध झालं, हर्षदाच्या डॉक्टरांनी प्रवासाला मोकळीक दिली, तसा हा नाशिकहून कोल्हापूरला येऊन बसला. "ताई, किती भोगलंस. चल, समुद्र बघू. आणि परत आलीस की कोल्हापूरचं घर भाड्याने दे. आमच्याकडे राहा. आईची खोली रिकामीच आहे."

हर्षदाचे यजमान जाऊन आठ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. एकटीने आजार काढताना रात्री-बेरात्री काय काय मनात येतं ते ज्याचं त्याला ठाऊक. तिने मोलकरणीपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना सांगितलं, मी आता भावाकडे चालले. आईचं त्यांनी इतकं केलं, माझंही करतील. भाऊ असावा तर असा! घराला भाडेकरूसुद्धा ठरला होता.

तर असे हे तिघे रांगेत लागले.

*

रांग कशाची होती, ते आता सांगायला हवं.

सहा-सात वर्षांपूर्वी तळताप आला. साचलेल्या, उन्हाने तापलेल्या पाण्यात वाढणारा एक जंतू. माणसाच्या पोटात गेला की दोन-दोन, तीन-तीन वर्षं चूपचाप पडून राहतो आणि मग एक दिवस डोक्यात चढतो. पडून असतो तोवर कुठल्याच तपासणीत सापडत नाही. एक माणूस गावी उतरला आणि गावाच्या तळ्यात अंघोळीला गेला, की ते तळं गेलं. मोठ्या देशांना हे परवडतं. ज्या बेटाला प्यायला एकच तलाव आहे त्याला कसं परवडणार? म्हणून बेटांवरच्या इमिग्रेशनवाल्यांना एकच गोष्ट कळायला हवी होती: गेली तीन वर्षं तुम्ही कुठलं पाणी प्यायलात? पासपोर्ट देश सांगतो, गाव सांगत नाही. आणि माणसं तर काय, सहलीच्या पैशांपायी वाटेल ते सांगतात.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की केस खोटं बोलत नाहीत. पाणी सगळं सारखं दिसतं, पण त्यात थोडं जड पाणी असतं आणि बाकीचं हलकं. समुद्रावरून ढग निघाला की जड पाणी आधी पडतं, पुढे पुढे हलकं. त्यामुळे किनाऱ्यावरचा पाऊस वेगळा, घाटावरचा वेगळा. उघड्या तळ्यात उलट होतं. उन्हाने हलकं उडून जातं आणि जड मागे राहतं. शिवाय पाणी ज्या खडकातून येतं त्याचा अंशही सोबत आणतं. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड वयाने लहान, पूर्वेकडचा दगड फार म्हातारा, आणि दोघांची खूण निराळी. हे सगळं पाण्यातून रक्तात, रक्तातून केसात. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो, आणि एकदा डोक्याबाहेर आला की पुन्हा बदलत नाही. मुळापासून टोकापर्यंत बारीक किरण फिरवला, की माणूस कधी कुठे राहिला याचा नकाशा पडद्यावर उमटतो. ही यंत्रं मोठ्या प्रयोगशाळांत पूर्वीपासून होती. आता ती टपालपेटीएवढी झाली आणि बंदरावर आली, एवढंच.

पुढे अभयची पाळी झाली. त्याचे केस बोटाच्या पेराएवढे, म्हणून दंडावरचाही एक घेतला; आखूड केसांत जेवढा काळ दिसेल तेवढ्यावर ते भागवत. हिरवा दिवा. केतकीचाही हिरवा.

हर्षदाने लाकडी फणीसारखं ते उपकरण बघितलं आणि हसून मान पुढे केली. अधिकारी बाई काळीसावळी, चाळिशीची, नाकात मोत्याएवढी चमकी. छातीवर ओडिल असं नाव. तिने अंबाड्याच्या टोकातून फणी अलगद फिरवली, एक लांब केस निघाला, तो पेटीत गेला.

"गेली तीन वर्षं आपले वास्तव्य कुठे होते?" टेबलावरच्या दुभाष्याने विचारलं. दुभाष्या म्हणजे एक डबा होता, आणि तो मराठी बोलायचा ते जुन्या आकाशवाणीच्या बातम्यांसारखं.

"कोल्हापूर. दुसरीकडे कुठे नाही."

दिवा लाल झाला.

"महोदया, आपण सांगितलेले वास्तव्य आणि केसातील वास्तव्य जुळत नाही. कृपया बाजूच्या खोलीत यावे. आपल्या कुटुंबीयांनीही यावे."

"अगंबाई!" हर्षदा म्हणाली. तिला अजून गंमतच वाटत होती.

*

खोलीत चार खुर्च्या, एक पडदा, आणि दुभाष्याचा डबा. ओडिलने पडद्यावर महाराष्ट्राचा नकाशा आणला. त्यावर एक पिवळा ठिपका होता, पार उजव्या कोपऱ्यात.

"केसाच्या मुळापासून जवळजवळ दोन वर्षांचा भाग इथला आहे," डबा बोलला. "अतिशय जुना खडक. उघड्या तलावांचे पाणी. हा तळतापाचा पट्टा आहे, महोदया."

हर्षदाने चष्मा वर केला. "गोंदिया? अहो, मी जन्मात गोंदियाला गेले नाही! तिकडे म्हणून एकदाच गेले होते, अमरावतीला, चुलतबहिणीच्या लग्नाला. तेव्हा वीस वर्षांची होते. गेली तीन वर्षं दवाखाना ते घर आणि घर ते दवाखाना. डॉक्टर मला जिन्याखाली उतरू देत नव्हते. आईच्या दहाव्याला तेवढी दोन दिवस नाशिकला गेले, तीही तोंडाला फडकं बांधून."

"केस असे सांगत नाही."

"केसाचं काहीतरी चुकलं असेल. यंत्रच ते. विचारा की माझ्या भावाला!" ती वळली. "अभय, सांग ना रे यांना."

अभय पडद्याकडे बघत होता. केतकी त्याच्याकडे बघत होती. हर्षदाला वाटलं, घाबरलाय बिचारा. सरकारी काम म्हटलं की लहानपणापासून त्याची बोबडी वळते. तिने त्याच्या हातावर थोपटलं.

अभयने घसा साफ केला आणि तो डब्याकडे तोंड करून बोलला, हर्षदाकडे नाही. "माझी बहीण खूप आजारी होती. फार कडक औषधं होती, ती डोक्यापर्यंत जातात. तिला मधलं सगळं आठवत नाही. एकटीच राहते. गेली असेल कुठे मधल्या काळात. आम्हाला कल्पना नाही."

डब्याने ते सगळं बेटाच्या भाषेत शांतपणे सांगितलं.

हर्षदाला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग तिला वाटलं, हा काहीतरी युक्ती करतोय, आपल्याला सोडवायची. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, की आत्ता डोळा मारेल, आत्ता खूण करेल. त्याने काहीच केलं नाही.

"अभय? अरे, मला सगळं आठवतं. रोज सकाळ-संध्याकाळ फोन होता आपला. गोंदियाला मी कधी जाणार होते? सलाईन काढून?"

"ताई, तू आत्ता त्रास करून घेऊ नकोस."

ओडिलने काहीतरी टिपलं. डबा बोलू लागला, "तसे असल्यास महोदयांना बंदरावरील अलगीकरण कक्षात तीन आठवडे राहावे लागेल. जहाज संध्याकाळी निघेल. कुटुंबीय पुढे जाऊ शकतात."

"तिथे सोय चांगली आहे ना?" अभयने विचारलं. "तिची काळजी घेतली जाईल ना?"

"होय."

"मग ठीक आहे. ताई, तीन आठवडे म्हणजे काय, चुटकीसरशी जातील. मी रोज फोन करीन."

परक्या मुलखात, परक्या लोकांत, आत्ता कुठे उभ्या राहिलेल्या बहिणीला ठेवून हा जायला निघाला होता! एवढंच नाही, तिला वेडी ठरवून निघाला होता. आणि चेहऱ्यावर काय, तर सुटल्याचा भाव. राग यायच्या आधी तिला नुसती लाज वाटली, त्याची आणि आपलीही.

ओडिलला आपलं काम पुरं करायचं होतं. तिने पडद्यावर बोट सरकवलं, ठिपका नकाशावर डावीकडे घसरत गेला. "त्याआधीची तीन वर्षे येथील आहेत. तरुण काळा खडक, गोदावरीचे पाणी. नाशिक. तेही आपण सांगितले नाही."

"नाशिक?" हर्षदा म्हणाली. "मी नाशिकला कधी राहिलेच नाही. नाशिकला तर..."

तिचा हात आपोआप अंबाड्याकडे गेला.

आपल्याकडे केस आणि गळा यांची एक जुनी म्हण आहे. ती वाचकांना ठाऊक आहे, मी इथे सांगत बसत नाही. हर्षदाने एकेक आकडा काढला. तिने ओढाताण केली नाही. गंगावन सुटून हातात आलं. मूठभर, अर्धं पांढरं, मुळाशी लाल दोऱ्याने बांधलेलं. ते तिने मांडीवर ठेवलं आणि आपले मानेपर्यंतचे केस ओडिलसमोर धरले.

"माझा हा घ्या. ते माझे नाहीत. माझ्या आईचे आहेत."

ओडिलने दुसरा केस घेतला. पेटी गुरगुरली. कोल्हापूर, मुळापासून टोकापर्यंत कोल्हापूर. हिरवा दिवा लागला, पण तिकडे कुणी बघितलं नाही.

*

"आई कुठे होती?"

"ताई, आपण बोटीवर गेल्यावर बोलू."

"आई कुठे होती, अभय?"

डबा इमानेइतबारे एकेक वाक्य बेटाच्या भाषेत सांगत होता. ओडिलने हात पुढे करून तो बंद केला आणि ती खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. अशा जागी काम करणाऱ्यांना बरंच काही न बघायची सवय असते.

बोलली शेवटी केतकी. "माझ्या माहेरजवळ आहे एक वृद्धाश्रम. चांगला आहे, ताई. बाग आहे, समोर तलाव आहे. करायला बायका आहेत."

"पण मी रोज बघत होते तिला! मागे तिचा पलंग, देव्हारा, खिडकी..."

"फोनमध्ये मागचा देखावा बदलता येतो," अभय पुटपुटला. "आपल्या खोलीचा फोटो होता. मीच तिच्या फोनला कायमचा लावून दिला होता."

"आणि ती? ती मला सांगायची, केतकीने आज मऊ भात केला, मेतकूट कालवून दिलं. अभयने पाय चेपले. हे कुणी लावून दिलं होतं?"

"ते त्यांचं त्याच म्हणायच्या," केतकी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "पहिल्याच दिवशी म्हणाल्या, हर्षाला कळता कामा नये. ती अंथरुणातून उठून येईल आणि वाटेत मरेल. देवाशप्पथ, ताई. मी खोटं नाही बोलत."

हर्षदाला हे सगळ्यात जास्त लागलं. भाऊ बोलूनचालून भाऊ, बायकोचा झाला, संसाराचा झाला. पण आई! दिवसातून दोनदा समोर बसून, पोटभर जेवल्याचं सांगून, पदर सारखा करून हसणारी आई. तिला जाब विचारायला ती उरलीही नव्हती. हर्षदाला रडू फुटलं नाही.

तेवढ्यात अभय भडकला. अपराधी माणूस कुठेतरी भडकतोच. "तुला बोलायला काय जातंय गं? तिचं मांडीचं हाड मोडलं तेव्हा तू होतीस? मी कामावर, केतकी कामावर. एक बाई आठ दिवस टिकायची नाही. कूस बदलायला दोघं लागायचे. रात्रभर हाका मारायची. करणाऱ्यालाच कळतं ते!"

"कळतं ना. म्हणून मला सांगायचंस. मी तुला नाही म्हटलं असतं का? मी स्वतः काचेआड पडलेली बाई. मी म्हटलं असतं, ठेव बाबा, चांगली जागा बघून ठेव, हाडं मोडून घेऊ नका. ठेवलंस त्याचं नाही रे काही!" आता तिचा आवाज चढला. "दोन वर्षं माझ्याकडून रोज कौतुक करून घेतलंस! रोज फोन ठेवताना मी म्हणायचे, अभय, तू होतास म्हणून आई सुखात आहे. तू काय म्हणायचास? 'ताई, कर्तव्यच आहे ते.' जीभ कशी वळली तुझी?"

अभयने मान खाली घातली.

आता एकेक गोष्ट तिच्या डोक्यात जागेवर बसायला लागली. दहाव्याला नाशिकला शेजारच्या देवस्थळीकाकूंनी तिचा हात धरला होता आणि म्हणाल्या होत्या, "फार केलंत हो तुम्ही आईंचं, आजारी असून." तिला वाटलं होतं, बोलायची रीत असते तसं बोलल्या. म्हणजे गल्लीत सांगितलं होतं की आई लेकीकडे आहे! लेकीला सांगायचं लेकाकडे आहे, लोकांना सांगायचं लेकीकडे आहे. आणि खरी कुठे, तर जिथे ओळखीचं कुत्रंसुद्धा विचारायला येणार नाही अशा ठिकाणी.

"शेजाऱ्यांना काय सांगितलं होतंस?" तरी तिने विचारलं.

"लोक काय काय बोलतात, ताई. तुला माहितेय."

"अग्नी कुणी दिला?"

अभय हातातले पासपोर्ट एकावर एक जुळवत राहिला.

"अभय, आईला अग्नी कुणी दिला?"

"तिथल्याच लोकांनी. पहाटे गेली. गाडीने पोचायला मला रात्र झाली असती, आणि तळतापाच्या पट्ट्यात देह तेवढा वेळ ठेवू देत नाहीत. अस्थी पाठवल्या त्यांनी."

हर्षदाला दहाव्याचा दिवस आठवला. गोदावरीच्या पायऱ्यांवर हा उघडा बसला होता, डोक्याचा तुळतुळीत गोटा. तो बघून तिच्या काळजाचं पाणी झालं होतं. तोंडाला फडकं, अंगात ताकद नाही, तरी ती त्याच्यापाशी गेली होती आणि त्याच्या त्या गोट्यावरून हात फिरवला होता. म्हणाली होती, तू होतास रे शेवटपर्यंत तिच्याजवळ.

"मग डोकं कशाला भादरलंस?" ती म्हणाली. "कुणाला दाखवायला?"

तो रडायला लागला. खरंच रडत होता, हुंदके देत. पूर्वीची हर्षदा असती तर पदराने त्याचे डोळे पुसले असते. ती जागची हलली नाही.

"आणि मला कुठे ठेवणार होतास?"

"ताई! काय बोलतेस! आईची खोली तुझ्यासाठी रंगवून घेतलीय."

"मघाशी ठेवून निघाला होतास ना इथे? सोय चांगली आहे ना, विचारत होतास. तिकडेही असंच विचारलं असशील. मग म्हणाला असशील, मी रोज फोन करीन."

केतकी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. म्हणजे तेच, अगदी तसंच घडलं होतं.

*

ओडिल परत येऊन बसली. तिने डबा सुरू केला. आवाज न वाढवता, अगदी हळू बोलली ती, पण डब्याचा आकाशवाणीचा सूर काही बदलला नाही.

"महोदया, आपण स्वतः निर्दोष आहात. मला वाईट वाटते. परंतु एक अडचण आहे. तळतापाच्या पट्ट्यातील व्यक्तीचे केस या बंदरात आणता येत नाहीत, आणि एकदा नोंद झाल्यावर जहाजावरही परत नेता येत नाहीत."

"केसातून लागण होते?"

"होत नाही. पण कायदा केला तेव्हा आम्ही फार घाबरलो होतो. तो अजून बदललेला नाही."

"मग?"

"दोन मार्ग आहेत. हे केस आमच्या भट्टीत जाळले जातील आणि आपण कुटुंबासह बेट पाहून संध्याकाळी जहाजावर जाल. किंवा आपल्याला प्रवेश नाकारला जाईल. मग केस मोहोरबंद पेटीत आपल्याबरोबर विमानाने मायदेशी जातील. परंतु नकाराची नोंद राहते. पाच वर्षे कोणत्याही बेटावर आपल्याला उतरता येणार नाही. जहाजाचे भाडेही परत मिळत नाही."

अभयने डोळे पुसले. सुटकेची फट दिसली की माणूस लगेच तिकडे धावतो, आणि त्यातून तो मनाने वाईट नव्हताच, नुसता भित्रा होता. तो पुढे झाला, हर्षदाच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसला.

"ताई, ऐक. काय शिक्षा द्यायची ती घरी गेल्यावर दे. थोबाडीत मार. पण इथे परमुलखात हट्ट करू नकोस. एकटी कशी जाशील? वाटेत काही झालं तर? तुला हौसच असेल तर नवं गंगावन आणू, म्हणशील ते आणू. हे देऊन टाक. जाळू देत त्यांना. केसच तर आहेत."

हर्षदाने मांडीवरच्या झुपक्याकडे बघितलं. लाल दोऱ्याची गाठ बारीक होती, नेटकी, एकावर एक सात-आठ वेढे घेऊन आत खोचलेली. आईचे हात शेवटी शेवटी इतके कापायचे की तिला फोनसुद्धा धरवत नसे. ही गाठ तिची नव्हती. त्या तलावाकाठी कुणीतरी बाई होती, जिने तिचे केस विंचरले होते, गळालेले पिशवीत ठेवले होते, सारखे केले होते आणि बांधून दिले होते. आईने तिला सांगितलं असेल, माझ्या लेकीसाठी हवंय. म्हणजे त्या बाईला लेक ठाऊक होती. लेकीला ती बाई ठाऊक नव्हती.

"पेटी आणा," ती ओडिलला म्हणाली.

"भट्टीसाठी?"

"नाही. बरोबर न्यायची."

"ताई, वेडेपणा करू नकोस!" अभय ओरडला. "पाच वर्षांची नोंद लागेल. आणि कशासाठी? एवढ्याशा केसांसाठी?"

ओडिलने पांढरी पेटी पुढे ठेवली. हर्षदाने गंगावनाची हलकी गुंडाळी केली आणि आत ठेवलं. ओडिलने झाकण लावून वर मोहोर केली. केतकी दारापर्यंत गेली, थांबली, पुन्हा आत आली, आणि काय करावं ते न सुचून हर्षदाची शाल उचलून तिच्या खांद्यावर टाकायला लागली. हर्षदाने शाल काढून घेतली आणि घडी घालून हातात धरली.

"एकदा मी नसताना जाळलीत तिला," ती अभयला म्हणाली. "आता मी आहे."

मग ती डब्याकडे वळली आणि सावकाश, एकेक शब्द नीट पोचेल अशा बेताने बोलली.

"मला परत पाठवा. पण मुंबईला नको. नागपूरचं तिकीट द्या, तिथून गोंदिया जवळ पडतं."